बेथ्यूनचा पाहुणचार

मंडळी, जोडगावांबद्दल, म्हणजे करार करून नातं जोडणाऱ्या वेगवेगळ्या देशांतल्या गावांबद्दल, बोलायचं तर बहुतेक लोक सुरुवात महापौरांपासून करतात. करारावर सह्या झाल्या, झेंडे लागले, फोटो निघाले. तो भाग मी सोडून देतो, कारण जोडगावाचं नातं टिकतं ते दुसऱ्याच्या घरच्या पाहुण्यांच्या खोलीत.

इंग्लंडमधल्या आमच्या हेस्टिंग्जचं फ्रान्समधलं जोडगाव बेथ्यून. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात ही जोडगावांची चळवळ फोफावली. कालपर्यंत एकमेकांवर बॉम्ब टाकणाऱ्यांनी आता एकमेकांकडे जेवायला जावं, असा साधा हिशेब. म्हणून जर्मनीतलं श्वेर्ट हे गावही दोघांशी जोडलेलं आहे. हेस्टिंग्जला तशी पाण्यापलीकडून येणाऱ्यांची सवय जुनी, १०६६ साली फ्रान्सकडून नॉर्मन फौज चालून आली तेव्हापासूनची. तेव्हाचे पाहुणे मात्र परत गेलेच नाहीत.

आमचा क्लब पेटांक या फ्रेंच खेळाचा. लोखंडी गोळे, आणि ‘कोशोने’ नावाची लाकडाची छोटी गोळी. गोळीच्या जास्तीत जास्त जवळ गोळा टाकायचा, जमलं तर समोरच्याचा उडवून लावायचा. आपल्या गोट्याच त्या, फक्त एकेक गोटी पाऊण किलोची आणि खेळणारे सत्तरीचे! पहिल्यांदा तेरा गुण करेल तो जिंकला. तेरा-शून्यने हरलात तर फॅनी नावाच्या बाईच्या चित्राच्या किंवा पुतळीच्या पार्श्वभागाचा मुका घ्यावा लागतो. क्लबात ती पुतळी कपाटात पडद्याआड ठेवलेली असते. आमच्यापैकी कोणावर ती वेळ आली, हे इथे सांगणार नाही, त्यांच्या सौभाग्यवती समोर बसल्या आहेत.

बेथ्यूनच्या क्लबाशी सामना खेळायला जायचं तर फोकस्टोनहून गाडी समुद्राखालच्या बोगद्यातल्या आगगाडीत चढवली की पस्तीस मिनिटांत फ्रान्समधल्या कॅलेच्या बाजूला. तिथून ए-२६ महामार्गाने तासाभरात बेथ्यून. पूर्वी या प्रवासात एकट्या माझ्याकडे भारतीय पासपोर्ट, म्हणून शेंगेन व्हिसाची फाईल घेऊन मी एकटाच वेगळ्या रांगेत, आणि बाकीचे हात हलवत पुढे. ब्रेक्झिटनंतर सगळ्यांच्याच पासपोर्टावर शिक्का बसू लागला. सहप्रवाशांच्या तोंडचे ते उद्गार ऐकून मला थोडा आसुरी आनंद झाला, हे कबूल करायला हरकत नाही.

पोचल्यावर क्लबच्या अंगणात यादी वाचली जाते आणि यजमान आपापले पाहुणे उचलतात. माझ्या वाट्याला आल्या एक निवृत्त परिचारिका. स्वयंपाकघर लहान, टेबलावर मेणकापड, पाव ताटलीत नाही तर थेट टेबलावर. मी मांस खात नाही, हे आधी कळवलेलं होतं, म्हणून त्यांनी मारवाल चीजची टार्ट केली होती. मारवालचा वास काय वर्णावा! आमच्या मालवणकडच्या मंडळींना सुकटीची आठवण यावी इतका उग्र. पण ओव्हनमधून निघाली की चव अगदी लोण्यासारखी मऊ. बाई माझा पहिला घास जाईपर्यंत हातात सुरी धरून उभ्या होत्या. दुसरा तुकडा मागितला तेव्हाच बसल्या.

गावच्या चौकात मधोमध घंटांचा जुना मनोरा आहे, चौदाव्या शतकातला. एकेकाळी त्याला घरं अगदी चिकटून होती. पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या तोफमाऱ्यात ती गेली आणि पुन्हा कोणी बांधली नाहीत. चौकाभोवतीची घरं युद्धानंतर नव्याने उभी राहिली. मनोरा मात्र आता मोकळ्यात एकटा उभा आहे.

रविवारी सामन्याआधी बाई म्हणाल्या, तुम्हाला एका ठिकाणी न्यायचंय. गाडीने थोड्या अंतरावर न्यव्ह-शापेल. तिथे भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ साली उभारलेलं. गोल भिंत, माथ्यावर कमळ असलेला उंच स्तंभ, दोन्ही बाजूंना दगडी वाघ. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं तिथे आहेत. १० मार्च १९१५ च्या हल्ल्यात पडलेले गढवालचे गब्बर सिंग नेगी त्यांत आहेत, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी.

आपल्यासाठी त्याहून जवळची गोष्ट त्याआधीची. २८ ऑक्टोबर १९१४ ला जर्मनांच्या ताब्यातल्या याच गावावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या चालून गेल्या. या कंपन्या खडकीच्या, आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या. खंदक खणणं, पूल बांधणं हे त्यांचं काम. त्या दिवशी माणसं कमी पडली म्हणून त्यांना पायदळासारखं वापरलं. गल्लोगल्ली लढून त्यांनी गाव घेतलं, मग ते सोडावं लागलं, आणि अधिकारी जवळजवळ सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. पुण्यात खडकीवरून रोज लोकल जाते. न्यव्ह-शापेल हे नाव त्या डब्यात कितीजणांना ठाऊक असेल?

बाईंना मात्र ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, आमच्या शाळेत शिकवलेलं नाही, पण आजी सांगायची. मी नावं वाचत होतो तेव्हा त्या गाडीपाशी जाऊन थांबल्या, कारण सामना अकराला होता आणि त्यांना उशीर खपत नाही. आम्ही हरलो, पण तेरा-नऊ असं सन्मानाने. एक गोळा कोणाचा जवळ, यावर वाद झाला तेव्हा बाईंनी खिशातून शिंप्याची टेप काढली.

आता मुद्द्याचं. येत्या मे महिन्यात ते आपल्याकडे येताहेत. पूर्वी ओळखपत्र दाखवून यायचे, आता पासपोर्ट लागतो आणि २ एप्रिल २०२५ पासून ऑनलाइन परवानगीही. त्यापायी काही म्हाताऱ्यांनी आधीच नको म्हटलंय. जे येतील त्यांच्यासाठी घरं कमी पडताहेत, कारण आमचे यजमानही थकले. ज्यांच्याकडे एक खोली आणि थोडा धीर आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावं. फ्रेंच येत नसेल तरी चालेल. पुरणपोळी करता येत असेल तर नाव आधी लिहिलं जाईल.