शिवलं की मागे सात मीटर

नमस्कार श्रोतेहो.

शिवाशिवी तुम्ही सगळेच खेळला असाल. राज्य असेल त्याने धावायचं, कुणाला तरी शिवायचं, की सुटला. पुढची पळापळ दुसऱ्याची. मी आज सांगणार आहे तो खेळ याच्या बरोब्बर उलटा आहे. त्यात शिवणाऱ्याचीच पळापळ सुरू होते. हे डोक्यात शिरायला मला दोन महिने लागले आणि एक चप्पल तुटली.

इथे सिडनीत त्याला नुसतं 'टच' म्हणतात. रग्बीच, फक्त आडवं पाडणं वजा. रग्बी लीग या रग्बीच्याच एका प्रकाराचे खेळाडू सरावात अंग मोकळं करायला हे खेळायचे. १९६८ साली दक्षिण सिडनीत त्याचा पहिला क्लब निघाला आणि १९८८ मध्ये गोल्ड कोस्टला पहिला विश्वचषकही झाला. आता उन्हाळ्याच्या संध्याकाळी उपनगरातल्या मैदानावर दिवे लागले, की आजोबांपासून नातीपर्यंत कुणीही खेळताना दिसतं.

तर सिडनीतल्याच पॅरामाटाजवळच्या आम्ही अकरा मराठी माणसांनी आणि एका तेलुगू शेजाऱ्याने एक दिवसाच्या स्थानिक स्पर्धेत नाव घातलं. वयं पस्तीस ते एक्कावन्न. मिश्र संघात मैदानावरच्या सहांपैकी पुरुष तीनच चालतात, म्हणून बायकांची शोधाशोध सुरू झाली. गणपतीच्या आरतीनंतर मी सहज म्हणून गेले, 'शाळेत कबड्डी खेळायचे.' झालं! प्रसाद हातात पडायच्या आत माझं नाव यादीत.

कबड्डीनेच घात केला. सरावाच्या पहिल्या सामन्यात एक उंच मुलगी चेंडू घेऊन आली, तिला मी कमरेला धरून अशी पकड टाकली की बाहेरून टाळ्या पडल्या. पंचाने शिट्टी मारली. आमची प्रशिक्षक म्हणजे आमच्याच एकाची शाळकरी मुलगी. ती बाहेरून ओरडली, "काकू, मिठी नाही मारायची! नुसतं शिवायचं!"

बरं, नुसतं शिवले. एक बोट, बाहीला. बाही चालते, केस चालतात, हातातल्या चेंडूला बोट लागलं तरी चालतं. शिवले, आणि गडी बाद केल्याच्या थाटात कमरेवर हात ठेवून उभी राहिले. तेवढ्यात त्या मुलीने चेंडू जमिनीवर ठेवून पायांमधून मागे सोडला, मागच्याने उचलला, आणि ती दोघं माझ्या दोन्ही अंगांनी निघून गेली. मी तिथे उभी, शेतातल्या बुजगावण्यासारखी.

नियम असा, की शिवल्यावर बचाव करणाऱ्या सगळ्यांनी सात मीटर मागे जायचं. न जाता मधे लुडबुड केली तर दंड. समोरच्यांना अशा सहा शिवण्या मिळतात, सहावी झाली की चेंडू आपला. म्हणजे सहा वेळा पुढे धावा, शिवा आणि सहा वेळा उलट्या पावली मागे. पुढे धावायला सगळ्यांना येतं. मागे जाताना मात्र आमच्या संघाची वरात व्हायची.

दुसरी खोड आमच्या सातारच्या कर्णधाराची. हात लागो न लागो, "लागला! लागला!" कबड्डीत खपून जातं हो. इथे न शिवता शिवलं म्हणालात तर उलट तुम्हालाच दंड. पहिल्या चार दंडांनंतर तो इतका धसकला, की खरंच शिवल्यावरही गप्प राहायला लागला.

शेवटी आमच्या प्रशिक्षक पोरीने उपाय काढला. दिवाळीची उरलेली रांगोळी घेऊन आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन रेघा ओढल्या, मधे मोजून सात मीटर. पुढच्या रेघेवर वाकून हात टेकायचा, मागे वळून न बघता मागची रेघ गाठायची, परत पुढे. रोज रात्री भांडी आवरली की अर्धा तास. चप्पल तुटली ती इथे. वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीतून बघायचे. काय वाटत असेल त्यांना कोण जाणे.

स्पर्धेत पहिले दोन सामने हरलो. तिसरा एका गुणाने जिंकलो आणि कसेबसे खालच्या गटाच्या उपांत्य फेरीत पोचलो. समोर विशीतली पोरं. वेळ संपली तेव्हा गुण तीन-तीन. अशा बरोबरीत इथे गडी कमी करत जातात. आधी चार-चार, तेवढ्याने निकाल नाही लागला तर तीन-तीन, आणि मग जो आधी गुण करेल तो जिंकला. पन्नास मीटर रुंदीचं मैदान आणि आम्ही तिघं : मी, नाशिकची एक मैत्रीण आणि तेलुगू शेजारी. नांगरून ठेवलेल्या रानात उभं राहिल्यासारखं वाटतं.

चेंडू त्यांचा होता. मी शिवून रेघेइतकी मागे गेले, वळले. त्यांच्या मागच्या मुलीने चेंडू उचलला आणि मोकळी जागा बघून स्वतःच पळत सुटली. तिथे ती चुकली. पायांतून आलेला चेंडू उचलणाऱ्याला शिवलं की चेंडू थेट आपल्याकडे येतो. तिच्या हाताला माझं बोट लागलं. "टच!" चेंडू आमचा. आणि ती तिघंही पोरं जागच्या जागी, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभी! मागे कोण जाणार? मी चेंडू टेकवला, मागे सोडला. नाशिककरणीने उचलला. असा चेंडू उचलणाऱ्याला स्वतःला गुण करता येत नाही, म्हणून तिने चार पावलं पळून शेजाऱ्याकडे दिला. तो गडी चाळीस मीटर असा पळाला, की गुणाच्या रेघेच्या पलीकडे गेल्यावरही थांबेना.

अंतिम सामन्यात आठ-एक असे हरलो. ते जाऊ द्या.

सोमवारी इमारतीच्या समितीची चिठ्ठी आली : पार्किंगमधल्या पांढऱ्या रेघा ताबडतोब धुवाव्यात. मी बादली आणि खराटा घेऊन खाली उतरले, तर कर्णधार आधीच तिथे. पुढची रेघ त्याने पुसून काढली होती. मागची तशीच होती.

"ही राहू दे वहिनी," तो म्हणाला. "ही लांबून दिसत नाही."