अळमीची जागा सांगतो कोण?

(कुडाळ तालुक्यातल्या एका वाचनालयात पावसाळ्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय, 'रानअळमी (म्हणजे रानातली अळंबी, मशरूम) कुठे शोधावी'. म्हणूनच एवढ्या पावसात खुर्च्या भरल्यात, हे मला कळतं. गझलेवरच्या व्याख्यानाला याच खुर्च्यांवर छत्र्या वाळत होत्या. कुणी पिशवी आणली असेल तर घडी घालून ठेवा. नकाशा मिळणार नाही.

आपल्याकडे माणूस बँकेतली शिल्लक सांगेल, सुनेचं भांडण सांगेल, पण अळमीची जागा? "खंय गावली?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "रानात." जसं काही आपण समुद्रात शोधत होतो.

आमचे चुलत आजोबा यात अर्क. आर्द्रा लागून दोन-चार दणदणीत सरी झाल्या आणि मध्ये उघडीप देऊन उकडायला लागलं, की भल्या पहाटे हातात दावं घेऊन निघायचे. कुणी हटकलं तर, "ढोर सुटलाहा." त्यांच्या गोठ्यात तेव्हा एकच म्हैस होती, आणि ती तिथेच रवंथ करत उभी! एकदा माझा चुलतभाऊ लपतछपत मागे गेला. आजोबांनी ओळखलं. ते थेट मसणवटीच्या वाटेला लागले, तिथल्या दगडावर बसले आणि विडीवर विडी ओढत राहिले. पोरगा भिजला, घाबरला, परत आला. तासाभराने आजोबा आले ते सागाच्या पानात कळ्यांचा हा एवढा पुडा घेऊन. देठाला लाल माती, टोप्या अजून मिटलेल्या. काकीने त्यांचं खोबऱ्याचं वाटप लावून सुकं केलं आणि चुलतभावाला मुद्दाम दुसऱ्यांदा वाढलं.

आजोबा गेले. कलमं वाटली, माड वाटले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यासुद्धा ठरल्या. सातबाऱ्यावर सगळं आलं, अळमीची जागा तेवढी आली नाही. ती सापडली ती वेगळ्याच तऱ्हेने. ती जागा ज्या बागेत होती, ती ज्यांच्या वाट्याला आली त्यांनी जेसीबी लावला, चिऱ्यांचा गडगा घालायला जमीन सपाट केली, वाळवी नको म्हणून वर औषध ओतलं. जेसीबीच्या दातांतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे भुरकट गड्डे पडले. गडी म्हणाला, "ह्या काय गो बाय?" पुढच्या पावसाळ्यात हेच नातेवाईक हायवेवर पानातली अळमी विकत घेताना दिसले. भावही करत होते. माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही हसताय, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी गडगे घातलेत.

तर ते गड्डे म्हणजे वाळवीची शेती. आपल्या वारुळांतली वाळवी पालापाचोळा, सुकं लाकूड खाते, त्याच्या विष्ठेचे गड्डे रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. बुरशी लाकूड पचवून देते, वाळवी तिला ऊब आणि ओल देते. सुमारे 3 कोटी वर्षं हा कारभार चालू आहे, अनुदानाशिवाय. रॉजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 साली या बुरशीच्या कुळाला टर्मिटोमायसिस नाव दिलं. आफ्रिकेत झांबियात याच कुळातली एक जात आहे, तिची टोपी मीटरभर रुंद होते. आपल्याकडे आली तर वाटणीवरून खूनच पडतील.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. दहा मिनिटं? पाच. बरं, मग विषयाला हात घालतो.

वारूळ एका जागी वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून अळमी त्याच जागी, साधारण त्याच सुमाराला येते. आजोबांची विद्या एवढीच. टेकाड दिसलंच पाहिजे असं नाही. पुष्कळ वारुळं जमिनीखाली असतात आणि अळमी सपाट मातीतून वर येते. न जाळलेली, न खणलेली जमीन बघा: राईची कड, जुन्या काजूबागेतला पाचोळा, बांधाची सावली. सडा, उघडा कातळ सोडून द्या. देठ खाली मुळासारखा लांब जाऊन त्या गड्ड्याला भिडलेला असतो, म्हणून खणू नका, जमिनीलगत कापा. पहाटे जा, दुपारपर्यंत किडे पडतात. दोन-चार छत्र्या उमलायला सोडा.

ओळख. टोपीच्या मधोमध टोक. टोपी पांढऱ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवली तर सांडलेली भुकटी गुलाबीसर. हिरवट पडली तर फेका. गवतात, अंगणात येणारी ती मोठी, पांढरी, खवलेवाली छत्री उलट्यांनी हैराण करते. देठाच्या बुडाला पिशवी असेल तर हातही लावू नका. नाणं काळं पडणं, लसूण निळी होणं, किड्याने खाल्लंय म्हणजे चांगलं, हे सगळं थोतांड. यकृत नासवणारं विष शिजवूनही जात नाही, आणि त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो. मधे एक दिवस बरंही वाटतं, तेव्हाच माणूस घरी थांबून फसतो. या खुणा जमल्या तरी पहिली काही वर्षं जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय चुलीवर काही चढवू नका. त्रास झालाच तर उरलेली अळमी सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

वाळवीच्या औषधाबद्दल बरंच बोलायचं होतं, राहिलं. कलमाच्या खोडाला लावा हवं तर, वारुळात ओतू नका. प्रश्न? हो, मागचे काका. नाही, आजोबांच्या बागेपलीकडची जागा मी सांगणार नाही. चहा घ्या.