न्यूर्बुर्गरिंगच्या जाळीमागून

(दृश्य : दाट जंगल. डांबराचा एक तुकडा. गाडी अजून दिसत नाही.)

आवाज आधी येतो. झाडांमागच्या चढावर कुठेतरी गिअर बदललेला ऐकू येतो, मग ब्रेक लागतो, मग क्षणभर काहीच नाही, आणि एकदम गाडी समोर असते. नीट बघेपर्यंत गेलेलीही असते. कान सरावले की पोर्शे कुठली आणि मर्सिडीज कुठली हे न बघता कळायला लागतं. शेजारच्या तंबूतले जर्मन आजोबा खुर्चीत डोळे मिटून सांगतात, आणि चुकत नाहीत.

हे ब्रुन्शेन. पश्चिम जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरांत, न्यूर्बुर्गरिंग ट्रॅकवरची एक जागा. दरवर्षी मे किंवा जूनमध्ये इथं चोवीस तासांची मोटार शर्यत होते. शनिवारी दुपारी सुरू, रविवारी दुपारी संपली. फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीचं नाव जगाला जास्त ठाऊक, पण तिथं साठेक गाड्या असतात. इथं त्याच्या दुप्पट.

(दृश्य : नकाशा. वळसा हळूहळू रेखला जातो.)

एक फेरी २५.३७८ किलोमीटरची. त्यातला २०.८ किलोमीटरचा भाग म्हणजे नॉर्डश्लाइफ, उत्तरेकडचा जुना वळसा. १९२५ ते १९२७ या काळात तो बांधला गेला. हा मुलूख तेव्हा गरीब होता, लोकांच्या हाताला काम मिळावं हाही त्यामागचा हेतू. मधोमध न्यूर्बुर्ग किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. सत्तरहून जास्त वळणं, आणि सगळ्यात वरचं टोक ते सगळ्यात खालचं टोक यांत सुमारे ३०० मीटरचा फरक. त्यामुळे एकीकडे पाऊस आणि दुसरीकडे लख्ख ऊन, याचं इथं कुणाला नवल वाटत नाही. कोरड्यातले टायर लावावेत की पावसातले, या एका प्रश्नावर शर्यती जिंकल्या-हरल्या गेल्या आहेत.

१ ऑगस्ट १९७६ला फॉर्म्युला वनचा तेव्हाचा विश्वविजेता निकी लाउडा याच वळशावर बेर्गवेर्कजवळ पेटत्या गाडीत भाजला. फॉर्म्युला वन त्यानंतर नॉर्डश्लाइफवर परतली नाही. चोवीस तासांची शर्यत १९७०मध्ये सुरू झाली होती, ती मात्र टिकली. पहिल्या वर्षी हान्स-योआखिम श्टुक आणि क्लेमेन्स शिकेनटान्त्स यांनी बीएमडब्ल्यू २००२ चालवून ती जिंकली. २०२३मध्ये विजेत्या फेरारीनं १६२ फेऱ्या मारल्या, म्हणजे ४,१११ किलोमीटर. आणि पुढच्याच वर्षी, २०२४मध्ये, धुकं असं उतरलं की शर्यत रात्रभर थांबवून ठेवावी लागली आणि विजेत्याच्याही फक्त ५० फेऱ्या झाल्या. आयफेलचं हवामान कुणाची भीड ठेवत नाही.

(दृश्य : तंबू, मचाणं, शेगड्यांचा धूर.)

माणसं बुधवारपासूनच, काही तर त्याही आधी, मुक्कामाला येतात. सोबत बांधकामाला लागतात ते लोखंडी पाइप. बघता बघता दोन मजली मचाण उभं राहतं, वर घरातला जुना सोफा चढतो, खाली फ्रीज, जनरेटर, रंगीत दिवे. आपल्याकडच्या जत्रेत देवदर्शन किती वेळाचं आणि पाळणे-खाऊ किती वेळाचा, तसाच हिशेब इथंही आहे. काहीजण तर ट्रॅककडे पाठ करूनच बसतात. पण म्हणून त्यांना शर्यत कळत नाही असं समजू नका. त्यांचा एक कान कायम रस्त्याकडे असतो.

मी आणि माझा मित्र, दोघेही चाकणच्या कारखान्यांतून नोकरीसाठी इकडे आलेलो. दिवसभर गाड्यांचे सुटे भाग संगणकावर बघायचे आणि सुट्टीत पुन्हा गाड्याच बघायला यायचं, यावर घरच्यांनी जे काही बोलायचं ते बोलून झालं आहे. आमच्या शेगडीवर शनिवारी संध्याकाळी कांदेपोहे झाले. आजोबांनी दोनदा घेतले आणि बदल्यात त्यांच्या मचाणावर ट्रायपॉडपुरती जागा दिली. हा सौदा पुढे फार उपयोगी पडला.

(दृश्य : पॅडॉक. गॅरेज, टायरांच्या थप्प्या, गर्दी.)

इथं साध्या प्रेक्षकालाही पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांचे तंबू-गॅरेज असतात त्या आवारात, फिरता येतं. शर्यतीआधी गाड्या रांगेत उभ्या राहतात तेव्हा थेट त्यांच्यापर्यंत जाता येतं. पुढच्या रांगांत जीटी३ गाड्या, म्हणजे स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या, इथल्या सगळ्यात वेगवान गटातल्या. पोर्शे, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, कारखान्यांचे पगारी ड्रायव्हर, एक फेरी सव्वाआठ मिनिटांच्या आसपास. मागच्या रांगांत गॅरेजवाले, हौशी लोक, बाप-लेक. त्यांना फेरीला दहा मिनिटं लागतात. दोघं एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, रात्रीसुद्धा. इथली खरी गंमत आणि खरा धोका दोन्ही त्यातच आहेत.

अलीकडच्या वर्षांत या मागच्या रांगांत एक डासिया लोगान धावते. होय, तीच लोगान, जी आपल्याकडे महिंद्रानं नाशिकच्या कारखान्यात बनवली आणि पुढे व्हेरिटो म्हणून विकली. पुण्यात टॅक्सी म्हणून तुम्ही तिच्यात बसलाही असाल. ती इथं समोरून जाते तेव्हा अख्खी टेकडी उठून उभी राहते. पहिल्या क्रमांकाच्या गाडीला इतक्या टाळ्या मिळत नाहीत.

आणि एक नाव इथं प्रत्येक मचाणावर ऐकू येतं. साबीने श्मित्स. न्यूर्बुर्ग गावात, ट्रॅकला लागून असलेल्या हॉटेलवाल्यांची मुलगी. १९९६ आणि १९९७, लागोपाठ दोन वर्षं ही शर्यत जिंकणाऱ्या संघात ती होती. ही शर्यत जिंकणारी पहिली स्त्री. २०२१मध्ये ती गेली. नॉर्डश्लाइफच्या पहिल्या वळणाला आता तिचं नाव आहे.

(दृश्य : जाळी. जाळीला टेकवलेली लेन्स.)

आता कॅमेऱ्याचं.

छापील अंगरखा घातलेले अधिकृत छायाचित्रकार जाळीच्या आत असतात, आपण बाहेर. त्याचं दुःख करत बसू नये. लेन्स जाळीला अगदी टेकवायची, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, पूर्ण उघडायचं, एफ २.८ किंवा ४. गाडी पुरेशी लांब असेल तर तारा फोटोतून नाहीशा होतात. फक्त जाळीवर ऊन पडलेलं नसावं, नाहीतर सगळ्या फोटोवर पांढुरकी साय धरते. अशा वेळी टोपीनं तेवढी सावली करायची. ब्रुन्शेनला एक सोय अशी की बसायचा उतार रस्त्याच्या वर आहे, त्यामुळे बऱ्याच जागांवरून जाळीच्या डोक्यावरूनच नेम धरता येतो. मचाणावरून तर नक्कीच.

शटर दोन हजारला, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाला, ठेवलं की चाकं गोठतात आणि ताशी दीडशेनं जाणारी गाडी पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसते. साठाला आणा. पाय रोवून, कमरेतून वळत गाडीबरोबर जा आणि बटण दाबल्यावरही वळत राहा. बहुतेक फोटो हलतात. हलू द्यावेत. लांब पल्ल्याच्या शर्यतीचं औदार्य हे की तीच गाडी त्याच जागी आठ-दहा मिनिटांत पुन्हा येणार असते, रात्रभर.

पण एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. पंचवीस किलोमीटरपैकी आपल्याला जेमतेम दोनशे मीटर दिसतात. शर्यत दिसत नाही. २०२५मध्ये मांथाय संघाची पोर्शे रस्त्यावर पहिली आली, पण आधीच्या एका टकरीबद्दल शंभर सेकंदांचा दंड झाल्यामुळे जिंकली ती रोव्हे संघाची बीएमडब्ल्यू. जाळीशी उभ्या असलेल्या माणसाला हे फोनवरच्या समालोचनातूनच कळणार. त्याच वर्षी पिट्समधली, म्हणजे गाड्या पेट्रोल-टायरसाठी थांबतात तिथली, वीज गेली, पेट्रोलचे पंप बंद पडले आणि लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवावी लागली. टेकडीवर काय झालं? गाड्या येईनाशा झाल्या, एवढंच.

म्हणून विजेत्याचा फोटो मिळवायच्या मागे लागू नये, असं माझं मत झालं आहे. तो फोटो आतल्या लोकांनी काढलेला असतो, तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. आपण एकच गाडी धरावी, शक्यतो मागच्या रांगेतली, आणि तिचे चोवीस तास टिपावेत.

मी धरली ती एक पांढरी बीएमडब्ल्यू ३२५आय. एका छोट्या गॅरेजची, ड्रायव्हरांत बाप आणि दोन मुलगे. शुक्रवारी पॅडॉकमध्ये मी बराच वेळ तिच्यासमोर गुडघ्यावर बसलेला पाहून वडिलांनी विचारलं, "मांथायची गाडी तिकडे आहे, माहीत आहे ना?" म्हटलं, माहीत आहे. त्यांना पटलं नाही, पण कॉफी दिली.

(दृश्य : एकामागून एक फोटो. तीच गाडी, तेच वळण.)

शनिवारी दुपारी ती कोरी करकरीत. संध्याकाळपर्यंत बॉनेटवर किड्यांचा थर आणि बगलांना टायरच्या रबराचे काळे ओघळ. मे-जूनमध्ये इथं सूर्य साडेनऊच्या आसपास मावळतो. त्याआधीचा तास सोन्याचा, झाडांतून तिरपा उजेड येतो आणि शेगड्यांचा धूर रस्त्यावर तरंगतो. याच तासाला सगळे फोटो काढून झोपी जाणारे लोक आहेत. झोपू नका.

रात्री नियम बदलतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ६४००वर, आणि तरीही अंधारच. आपोआप फोकस होईल या भरवशावर राहिलात तर लेन्स नुसती पुढे-मागे होत बसते. रस्त्याच्या लाल-पांढऱ्या कडेवर हातानं फोकस लावून ठेवायचा आणि गाडी तिथं यायची वाट बघायची. फ्लॅश चुकूनही नाही, समोर माणूस गाडी चालवतोय. तापून नारिंगी झालेल्या ब्रेकच्या चकत्या हव्या असतील तर फेरीतला उरलेला, नवा भाग म्हणजे ग्रां प्री ट्रॅक, त्याच्या स्टँडवर जावं, तिथं जोरात ब्रेक लागतात. मध्यरात्रीनंतर माझ्या ३२५आयचा डावा दिवा गेला. काणी झाली बिचारी, पण त्यामुळे ती लांबूनच ओळखू यायला लागली.

कुठे अपघात झाला की तेवढ्याच भागात 'कोड ६०' लागतो, म्हणजे ताशी साठच्या वर जायचं नाही. एवढ्या मोठ्या वळशावर प्रत्येक वेळी सेफ्टी कारमागे, म्हणजे वेग आवरणाऱ्या गाडीमागे, सगळ्यांना गोळा करणं परवडत नाही. फोटोवाल्यांसाठी ही पर्वणी. मघापर्यंत वाऱ्यासारख्या जाणाऱ्या गाड्या रांगेनं हळूहळू येतात आणि काचेआडचा ड्रायव्हर प्रेक्षकांना हात करतो.

पहाटे चारच्या सुमारास टेकडी गप्प असते, गाड्या सोडून. मित्र कॅम्प खुर्चीत, कॅमेरा पोटावर. "अरे, ऊठ, उजाडतंय." उठला नाही. आजोबा मात्र जागे, ब्लँकेट पांघरून. त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "तुझी बीएमडब्ल्यू येतेय, पण आवाज बरोबर नाही."

आली. पुढचा बंपर एका बाजूनं लोंबत होता. दोन फेऱ्या चुकल्या, मग परत आली, बंपरला काळी चिकटपट्टी फासलेली, पुढच्या ग्रिलमध्ये गवताचा पुंजका. रविवारी दुपारी ती पांढरी होती हे सांगावं लागलं असतं. पण पूर्ण केली तिनं. शेवटच्या फेरीत मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचे झेंडेवाले कर्मचारी, आपापले झेंडे घेऊन कठड्याशी येतात आणि प्रत्येक गाडीला हलवून दाखवतात, पहिलीला आणि शेवटचीला सारखेच.

(दृश्य : संगणकाचा पडदा. फोटोंची रांग, खाली वेळा.)

फोटो त्या गॅरेजला पाठवले. वाटलं होतं, संध्याकाळच्या उजेडातला तो एक, धुरातला, त्यांना आवडेल. उत्तरात वडिलांनी एवढंच विचारलं की बंपर तुटायच्या लगेच आधीचा आणि लगेच नंतरचा असे दोन फोटो वेळेसकट मिळतील का, कारण तो कुणाच्या पाळीत तुटला यावर घरात एकमत नाही. मिळाले. तीन वाजून बावन्न मिनिटांच्या फोटोत बंपर धड आहे, चार वाजून तीन मिनिटांच्या फोटोत नाही. तेव्हा गाडीत धाकटा होता. वडिलांनी भरभरून आभार मानले. धाकट्यानं अजून मानलेले नाहीत.