सड्यावर जंगल कधी येणार?

(तालुक्यातल्या माध्यमिक शाळांच्या विज्ञान शिक्षकांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नववीच्या वर्गात एका मुलीनं मला हा प्रश्न विचारला, त्याला आता बरीच वर्षं झाली. फळ्यावर मी नेहमीची आकृती काढली होती. डावीकडे उघडा खडक, मग दगडफूल, शेवाळ, गवत, झुडपं आणि उजव्या टोकाला डेरेदार जंगल. मधे मधे बाण. तिचं घर सड्याच्या, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या पठाराच्या, कडेला. ती म्हणाली, "सर, मग आमच्या सड्यावर जंगल कधी येणार?" मी बेधडक सांगून टाकलं, "येईल, दोनेकशे वर्षांत." तिनं ते वहीत उतरवून घेतलं. उत्तर चुकीचं होतं. आज मी जे काही बोलणार आहे ते त्या चुकीच्या मागे लागून शिकलेलं आहे.

दगडफुलापासून सुरुवात करू, कारण तिथे मुलं पहिल्यांदा जागी होतात. "अनुक्रमण", म्हणजे एखाद्या जागी एकामागून एक सजीवांच्या वस्त्या येत जाणं, हा शब्द उच्चारला की मागच्या बाकावर जांभया सुरू होतात. त्याऐवजी घरून गोड्या मसाल्यातलं दगडफूल चिमूटभर आणायला सांगा. बशीत ठेवून वर दोन थेंब पाणी टाका. करडा, कुरकुरीत तुकडा मिनिटभरात मऊ पडतो आणि हिरवट दिसायला लागतो. भिंगातून बघू द्या. हे एक झाड नाही, बुरशी आणि शैवाल यांचा भागीदारीतला संसार आहे, हे मुलांना तिथल्या तिथे पटतं. मसाल्यात येतं ते बहुतेक झाडांच्या सालीवरचं, पण त्याचीच भावंडं शाळेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसलेली असतात. मग सगळे गडग्याकडे जायचं.

गडग्यावर आणखी एक गोष्ट दाखवता येते. नुकताच कापलेला जांभ्या दगडाचा चिरा तांबडा असतो, जुना चिरा काळा. मुलांना वाटतं मळला. तो मळ नाही. पावसात वाढणाऱ्या आणि उन्हाळ्यात सुकून पापुद्र्यासारख्या चिकटून राहणाऱ्या सूक्ष्म नीलहरित शैवालांचा तो थर आहे. आपल्याकडच्या बिनगिलाव्याच्या घरांची पावसाळी बाजू काळी का, याचं उत्तर हेच. खडकावर वस्ती करणारे पहिले रहिवासी आपल्या ओटीवर बसून दिसतात, आणि आपण मुलांना आइसलँडची चित्रं दाखवतो!

दूरची उदाहरणं सांगूच नयेत असं मी म्हणत नाही. इंडोनेशियातल्या क्राकाटोआ बेटाची गोष्ट मी दर वर्षी सांगतो, कारण ती गोष्ट म्हणूनच फक्कड आहे. 27 ऑगस्ट 1883 ला ज्वालामुखीच्या स्फोटात बेटाचा बराचसा भाग उडाला, उरलेलं राखेखाली गेलं. नऊ महिन्यांनी तिथे गेलेल्या लोकांना सजीव म्हणून सापडला तो एक बारकासा कोळी, जाळं विणत बसलेला. खायला एक माशी नाही आणि हा आपला जाळं विणतोय. पुढे पन्नासेक वर्षांत तिथे झाडी उभी राहिली. वर्ग एकदम शांत होतो या गोष्टीला. पण धोका असा, की ती ऐकून मुलांच्या डोक्यातली बाणांची आकृती आणखी पक्की होते. उघडी जमीन म्हणजे अर्धवट राहिलेलं जंगल, अशी.

आणि आमचा सडा त्या आकृतीत बसत नाही.

सड्यावर 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे पाण्याची वाण नाही. पण माती? खळग्यात बोटभर, भेगेत वीतभर, बाकी कातळ. जूनमध्ये ठिबकणारा तोच कातळ जानेवारीत तव्यासारखा तापतो. तिथे राहायचं तर चार महिन्यांत जन्म, फूल, बी सगळं उरकावं लागतं. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू यांनी ते जमवलंय. यांतली सीतेची आसवं आणि दवबिंदू तर किडे खातात, कारण त्या मातीत नायट्रोजन जवळजवळ नाहीच. ही झाडं जंगलाची पायरी म्हणून तिथे थांबलेली नाहीत. तो त्यांचा गाव आहे.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. राजापूर तालुक्यात कशेळीला सड्यावर हत्तीचं भलंमोठं कातळशिल्प आहे, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. तिथे सहल नेली होती. मुलं वहीत चित्रं उतरवत होती आणि दहावीतला एक मुलगा, गणितात सदा काठावर पास होणारा, म्हणाला, "सर, हे कोरलं तेव्हापण कातळ उघडाच असणार ना? झाडं असती तर कोरलं कशावर?" कोकणातली ही शिल्पं काही हजार वर्षांची असावीत असं अभ्यासक मानतात. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. काही शिल्पांवर मातीचा पातळ थर चढला होता, हे खरं. पण इतक्या काळात तिथे जंगल आलं नाही. माझी दोनशे वर्षं त्या पोरानं एका वाक्यात खोडली.

त्याहून मजेची गोष्ट पुढे आहे. कोकणातल्या या शिल्पांत गेंडा आहे. आज कोकणात गेंडा कुठे? म्हणजे जमीन होती तशी राहिली आणि तिच्यावरचे प्राणी निघून गेले. परिसंस्था बदलते म्हणताना आपण फक्त झाडांच्या उंचीकडे बघतो. कोण आलं याची यादी फळ्यावर होते, कोण गेलं याची होत नाही.

या चुकीची किंमतही मोजावी लागते, म्हणून तिच्यावर इतका वेळ घालवतोय. सडा म्हणजे अपुरं जंगल, असं एकदा डोक्यात बसलं की पुढचं पाऊल म्हणजे तिथे झाडं लावणं. मी स्वतः लावली आहेत. वनमहोत्सवात मुलं घेऊन पहारीनं खड्डे पाडले आणि ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या. बऱ्याच मेल्या हे नशीब. जी जगली तिच्या पाल्याखाली आज सीतेची आसवं उगवत नाहीत. घाटावर माळरानांचंही तेच झालं. माळढोकाला उघडा गवताळ माळ लागतो, तिथे गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून आपण "हिरवं" केलं. 1979 मध्ये सोलापूरकडे त्याच पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, आणि आज तो तिथे दिसला तर बातमी होते. कारणं अनेक आहेत, झाडं लावणं हे त्यातलं एक.

आता मुख्य अडचण. बदल दाखवायचा तर काळ पाहिजे, आणि आपल्याकडे जून ते एप्रिल एवढंच वर्ष. त्यातून मुलं पावसाळ्यात हिरवा झालेला सडा बघतात, दिवाळीनंतर पिवळा बघतात आणि म्हणतात, "बदलला." तो ऋतूचा फेरा झाला, पुढच्या जूनला परत तिथेच. जो बदल परत फिरत नाही तो वेगळा, आणि तो एका वर्षात दिसत नाही.

यावर उपाय शंभरएक वर्षांपूर्वीच सापडलेला आहे. अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी वाळूच्या टेकड्या आहेत. पाण्याजवळची सगळ्यात नवी, आत आत जावं तशी जुनी. हेन्री काउल्स नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1899 मध्ये त्यांच्यावर लिहिलं. पाण्यापासून आत चालत जाणं म्हणजे काळात पुढे चालत जाणं. एकाच दिवसात, पायी.

आपल्याकडे वाळूच्या टेकड्यांची गरज नाही. चिरेखाणी आहेत. एका गावच्या हद्दीत चार-पाच सहज, आणि प्रत्येक बंद पडल्याचं साल कुणाला ना कुणाला ठाऊक असतं. मी मुलांना आधी घरी पाठवतो: आजीला विचारून या, ती खाण कधी बंद झाली? आजी साल सांगत नाही. आजी सांगते, "तुझ्या आत्याच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, मांडवाचे चिरे तिथलेच." मग आत्याच्या लग्नाची पत्रिका शोधायची. इतिहासाच्या बाईंनाही यात ओढा, त्या खूश होतात. खाण स्वतःही वय सांगते. यंत्रानं कापलेल्या भिंती सुरीनं कापलेल्या वडीसारख्या सरळ, जुन्या हातखाणीच्या भिंतीवर टिकावाचे घाव.

आमच्या गावातल्या खाणी सांगतो. दोन पावसाळे झालेली पहिली: तळ अजून तांबडा, कोपऱ्यात काळी झाक, चुऱ्याच्या ढिगावर तुरळक गवत. दहा-बारा वर्षांची दुसरी: भिंती काळ्या, त्यांच्यावर मखमलीसारखं शेवाळ, जिथे पाला आणि धूप होऊन आलेली माती साठते त्या कोपऱ्यात धायटी आणि करवंद. करवंद कुणी लावलं? बुलबुलानं. तो वरच्या फांदीवर बसतो, खाली बिया टाकतो. तिसरी हातखाण, आजोबांच्या पिढीतली: आत कुंभा, ऐन, किंजळ, आणि दुपारी बारा वाजता सावली. मुलं तिथे थर्मामीटर घेऊन उतरतात आणि वरच्या सड्याशी फरक मोजतात. तेवढ्या एका आकड्यानं "झाडं स्वतःची हवा तयार करतात" हे वाक्य कायमचं बसतं.

मग कुणीतरी विचारतंच, की सड्यावर जंगल येत नाही म्हणता आणि खाणीत कसं आलं? विचारलं नाही तर तुम्ही विचारा. खाण खोल आहे. पाला उडून जात नाही, माती वाहून जात नाही, वारा लागत नाही. कातळ तोच, भांडं वेगळं.

चौथ्या खाणीनं मात्र माझी सुंदर रांग मोडली. वयानं ती दुसरीच्या बरोबरीची, पण तिच्यात पाणी साठतं. तिथे करवंद नाही. बेडूक, चतुरांची पिल्लं, पाणवनस्पती आहेत. पहिल्या वर्षी मी ती गाळली होती, आकृतीत बसेना म्हणून. असं करू नका. तीच सगळ्यात जास्त शिकवते. पाण्याची जागाही गाळानं भरत जाते, काठानं लव्हाळे आत सरकतात. निफाडजवळ गोदावरी-कादवेच्या संगमावर शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बंधारा घातला, त्यात गाळ साचत गेला, पाणथळ झाली, पक्षी आले. ते नांदूर मध्यमेश्वर. जानेवारी 2020 मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पाणी अडवणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हते.

आणि पाचवी खाण रानमोडी या दाट माजणाऱ्या तणानं भरलेली. तिथे दुसरं काही शिरतच नाही. आधी आलेला नंतरच्यासाठी जागा तयार करतो, हे पुस्तकात असतं. कधी कधी आधी आलेला दार लावून घेतो, हे रानमोडी शिकवते.

शाळेच्या आवारात करण्यासारखं एक सांगतो. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथे 1882 साली उभ्या गव्हाच्या शेताचा एक तुकडा न कापता सोडून दिला. पेरणी नाही, नांगर नाही. थोड्याच वर्षांत गहू दिसेनासा झाला. पुढे त्या तुकड्याचे भाग केले: एक तसाच सोडला, तिथे आज जंगल आहे. दुसऱ्यात दर वर्षी झाडांची रोपं उपटतात, तिथे झुडपांशिवायची वनस्पती. तिसरा मेंढ्यांनी चरला आणि नंतर कापला जातो, तिथे गवत. माती तीच, पाऊस तोच. आपल्या कुंपणाच्या कडेला तीन तीन हातांचे तीन पट्टे आखा आणि शिपायाला सांगा की पहिल्याला कोयता लावायचा नाही. हे सांगणं सगळ्यात अवघड आहे. आमच्याकडे शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी तो पट्टा दोनदा "स्वच्छ" झाला. आता तिथे पाटी आहे.

ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे त्यांनी पेंढ्याचं पाणी करावं. मूठभर पेंढा उकळून गार करायचा, त्यात डबक्याचं चमचाभर पाणी. दोन-तीन दिवसांत पाणी गढूळ होतं, ते जीवाणू. मग त्यांना खाणारे बारीक पळणारे जीव, मग पॅरामेशियम, पुढे अमिबा. तीन-चार आठवड्यांत आख्खी वस्ती पालटते. वास येतो, बरणी खिडकीबाहेर ठेवा.

शेवटी नोंदवही. लोखंडी सळीची एक मीटरची चौकट, खाणीत ठरलेली जागा, सप्टेंबरचा दुसरा शनिवार. नववीचा वर्ग मोजतो आणि वही पुढच्या नववीला देतो. दुसऱ्याच वर्षी आमचा घोळ झाला. वहीत एक गवत नाहीसं झालं आणि एक नवं आलं. मी उत्साहानं फळ्यावर लिहिलंही. मग गुरं राखणारे एक काका म्हणाले, "मास्तर, हे तेच गवत. वरच्या वाडीत एक नाव, खालच्या वाडीत दुसरं." तेव्हापासून प्रत्येक झाडाची एक काडी वर्तमानपत्रात दाबून वहीसोबत ठेवतो. नाव गुराख्याला विचारायचं आणि कुठल्या वाडीचा गुराखी तेही लिहायचं.

चौकटीच्या कोपऱ्यांना तैलरंगाच्या खुणा करू नका. आम्ही केल्या होत्या; दोन पावसाळ्यांत त्या काळ्या थरानं त्या गिळल्या. छिन्नी तर अजिबात लावू नका, शेजारी काय कोरलेलं असेल सांगता येत नाही. जवळच्या दोन झाडांपासून टेपनं अंतर मोजून लिहून ठेवा.

चहा झाला की आपण खालच्या खाणीकडे जाऊ. उतरताना डावीकडून या, उजवीकडचं शेवाळ फार निसरडं आहे आणि ते आम्ही चार वर्षं मोजतोय.