डाळिंबाची काकवी

ऑक्टोबरच्या सुमारास सीरियाच्या इदलिब प्रांतात, आसी नदीकाठच्या दरकूश गावाकडे डाळिंबं उतरवली जातात. त्यातली बरीच सोलून वाटीत घेऊन खाण्याची नव्हेत. एक दाणा दाताखाली आला की डोळे आपोआप मिटावेत, इतकी ती आंबट. आणि तिथल्या घरांची वर्षभराच्या स्वयंपाकाची भिस्त असते ती याच आंबट फळावर.

फळं फोडायची, दाणे मोकळे करायचे आणि पांढरा पापुद्रा कटाक्षानं काढून टाकायचा. तो रसात गेला की कडवटपणा उतरतो, आणि रस आटला की तो कडवटपणाही आटून दाट होतो. मग दाणे कुस्करायचे, रस फडक्यातून गाळायचा आणि रुंद तोंडाच्या पातेल्यात चढवायचा. पातेलं स्टीलचं हवं, तांब्याचं असेल तर कल्हई केलेलं. एवढा आंबट रस उघड्या तांब्यात किंवा ॲल्युमिनियममध्ये तासन्‌तास उकळला, तर धातूची चव धरतो.

बाकी काहीच घालायचं नाही. साखर नाही, पाणी नाही. वर येणारा फेस पळीनं काढत राहायचं. सुरुवातीला रंग माणकासारखा असतो. निम्मा रस आटला की तो विटकरी होतो, आणि शेवटी इतका गडद की पळी उचलून उजेडाकडे धरल्याशिवाय लाली दिसत नाही. ढोबळ हिशेब सांगायचा तर दहा-बारा किलो डाळिंबांचा साडेचार-पाच लिटर रस निघतो, आणि तो आटून लिटरभर उरतो.

अरबीत याला म्हणतात दिब्स रुम्मान. रुम्मान म्हणजे डाळिंब, आणि दिब्स म्हणजे आटवलेला दाट रस. द्राक्षांचं दिब्स असतं, खजुराचं असतं. इंग्रजीत त्याला मोलॅसिस म्हणतात म्हणून आपण मळी म्हणायला गेलो, तर डोळ्यांसमोर साखर कारखान्याची टाकी येते. आपला जवळचा शब्द काकवी. उसाचा रस आटताना गूळ होण्याआधी थांबवला की काकवी. इथंही तसंच, फक्त चव गोडाकडून आंबटाकडे वळलेली.

हे टिकतं कसं? पाणी जवळजवळ उडून गेलेलं असतं. उरते फळातली साखर आणि आम्ल, दोन्ही इतकी दाट की बुरशीला आणि जंतूंना त्यात जगायला ओलच मिळत नाही. सीरिया-लेबनॉनमध्ये हिवाळ्यासाठी घरात जी बेगमी करतात तिला मूने म्हणतात: वाळवलेली भेंडी, तेलात मुरवलेली वांगी, ऑलिव्ह, आणि त्यांच्या शेजारी ही काळसर बाटली. कोकणात आगोटीच्या आधी आमसुलं आणि आगळ भरून ठेवतात ना, त्याच काळजीनं. पुढचे महिने जेवणाला आंबटपणा कुठून येणार, याची ती सोय असते.

आता ही बाटली स्वयंपाकात काय करते, ते बघू.

हलब, म्हणजे अलेप्पो. तिथली मुहम्मरा. शब्दाचा अर्थच लाल केलेली. लाल ढोबळी मिरची थेट आचेवर साल काळी होईपर्यंत भाजायची, सोलायची, अक्रोड आणि पावाच्या चुऱ्याबरोबर वाटायची. त्यात जिरं, ऑलिव्ह तेल, हलबी मिरचीची भरड. एवढ्यावर चाखून बघा. गोड लागेल, तेलकट लागेल, आणि दोन घासांत पुरे वाटेल. मग एक मोठा चमचा दिब्स रुम्मान घाला. तेच वाटण एकदम जागं होतं. मिरचीचा गोडवा मागे सरतो, अक्रोडाचा स्निग्धपणा कापला जातो, जिभेच्या कडेला हलका तुरटपणा राहतो. लिंबू पिळून हे होत नाही. लिंबाची धार येते आणि जाते, हा आंबटपणा मुक्कामाला राहतो. युद्धात हलबमधून निघालेली हजारो कुटुंबं तुर्कीतल्या गाझियानतेपला गेली, पार बर्लिनपर्यंत गेली. मुहम्मराही त्यांच्याबरोबर गेली.

दमास्कसचा एक पदार्थ मला फार जवळचा वाटतो. हर्राक इस्बाओ, म्हणजे बोट भाजून घेतलेला. मसूर शिजवायचे, त्यात कणकेचे तुकडे सोडायचे, वर लसूण-कोथिंबिरीची खमंग फोडणी. आपली वरणफळंच की! आपण चिंच-गूळ घालतो, ते चिंचेबरोबर दिब्स रुम्मान घालतात. इतक्या लांबच्या दोन स्वयंपाकघरांनी डाळीत कणीक शिजवून त्याला आंबटगोडाचाच आधार द्यावा, याचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

आणि इराण. कास्पियन समुद्राकाठचा गिलान प्रांत, त्याचं मुख्य शहर रश्त. इथं या पाकाला रोब्ब-ए-अनार म्हणतात आणि त्याचं फेसेंजान करतात. अक्रोड अगदी बारीक दळायचे आणि मंद आचेवर तेल सुटेपर्यंत शिजवायचे. बदक किंवा कोंबडी, आणि वर रोब्ब. गिलानचे लोक ते आंबट पसंत करतात. रंग काळपट यावा म्हणून काही घरांत रश्शात चक्क लोखंडाचा तुकडा सोडत. डाळिंबातलं आणि अक्रोडातलं तुरट द्रव्य लोखंडाला भेटलं की काळं होतं. आपल्याकडे केसांना लावायला आवळकाठी लोखंडी कढईत भिजत घालतात, ते याच कारणानं.

विकत घेताना मात्र बाटली फिरवून मागचा मजकूर वाचा. तुर्कीच्या दुकानांत नार एक्शिसी आणि नार एक्शिली सोस या दोन बाटल्या शेजारी शेजारी दिसायच्या. पहिली आटवलेला रस. दुसरीत बहुतेक ग्लुकोजचा पाक, सायट्रिक ॲसिड, रंग आणि डाळिंब नावापुरतं. दुबई-शारजाहत राहणाऱ्या मराठी घरांना ही बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. त्यांनीही घटकांच्या यादीत एकच नाव शोधावं, डाळिंबाचा रस.

आणि आपण? सांगोला, आटपाडी, सटाणा, मालेगाव. डाळिंबाचा एवढा मोठा पट्टा आपल्या दारात, 2016 मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गणेश असो की भगवा, आपली वाणं निवडली गेली ती गोड रसासाठी आणि मऊ दाण्यासाठी. आंबट डाळिंबात आम्ल दोन टक्क्यांच्या घरात असतं, भगव्यात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

याचा अर्थ काय, ते मला पातेल्यापाशी कळलं. पहिल्या वेळी एक लिटर भगव्याचा रस नुसताच आटवला. रंग देखणा आला, पण चव सरबताच्या पाकाची. पोळीला लावून संपवला. दुसऱ्या वेळी रस चढवतानाच तीन लिंबं पिळली. तासभर मंद आच, शेवटची दहा मिनिटं पातेल्यापासून हलायचं नाही, कारण तेव्हाच तो करपतो. थंड बशीत थेंब टाकून बोटानं रेघ ओढली, रेघ सावकाश मिटली, गॅस बंद. पाक थोडा पातळ असतानाच थांबायचं, गार झाल्यावर तो घट्ट होतो. वाटीभर उरला. हलबच्या बाटलीची खोली त्याला नव्हती, पण मुहम्मरा जमली.

भांड्याला चिकटलेला पाक खरवडायच्या भानगडीत पडले नाही. त्यातच वाटीभर गरम पाणी ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि ओट्यापाशी उभ्यानंच पिऊन टाकलं.