रेघ ठशाची, रंग हाताचा

१८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी आपल्या चित्रकार मित्राकडून, जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांच्याकडून, नाताळच्या शुभेच्छांचं एक कार्ड काढून घेतलं. छापून विक्रीला ठेवलेलं पहिलं नाताळ-कार्ड म्हणून ते ओळखलं जातं. त्यातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. छापखान्यातून आल्या त्या नुसत्या रेघा, शिळाछापाच्या. रंग नंतर एकेका कार्डावर हाताने भरले गेले. आज या टेबलांवर ठसे आणि मार्कर घेऊन कार्डं करताना आपण नेमकं तेच करणार आहोत. ठसा आपल्याला रेघ देतो, तीही दरवेळी तीच. तिच्या आतलं जे काही आहे ते ज्याचं त्याने ठरवायचं. ‘ठसे वापरून केलं म्हणजे तुमचं त्यात काय?’ असं मला लोक विचारतात, तेव्हा मी त्यांच्यासमोर एकाच ठशाची चार कार्डं ठेवते. चार जणांनी रंगवलेली. ती पाहिल्यावर तो प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही.

आधी कागद, पण त्यावर फार वेळ घालवत नाही. कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा, कागद घ्या. ए-फोर कागद मधोमध कापला की दोन तुकडे होतात. त्यांची घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरची दोन कार्डं मिळतात आणि ती सी-सिक्स मापाच्या पाकिटात नीट बसतात. जाड कागदाला थेट घडी घालू नका, पृष्ठभाग तडकतो. पट्टी धरून बोथट टोकाने आधी खाच पाडा. आता बहुतेकांची चूक इथे होते: खाच आत घेऊन ते घडी घालतात. करायचं उलट. खाच बाहेर राहते, आणि तिच्या मागे उठलेला बारीक उंचवटा घडीच्या आत जातो.

आता ज्यासाठी मी खरं तर आले आहे ते सांगते. सुरुवातीला मी एकदा बऱ्याच कार्डांवर फुलांचे ठसे काळ्या शाईने उमटवले. छाप अगदी स्वच्छ आली होती. मग अल्कोहोल मार्करने गुलाबी भरायला घेतला आणि काळी रेघ विरघळून पाकळ्यांमध्ये शिरली. गुलाबी फुलं राखाडी झाली. पुढे कितीतरी दिवस मी हात हलका करायचा, भराभर रंगवायचा प्रयत्न करत राहिले. दोष हाताचा नव्हताच. माझी शाई सॉल्व्हंटवाली होती, म्हणजे पाण्याऐवजी रासायनिक द्रावकात कालवलेली, आणि मार्करमधलं अल्कोहोल नेमकं तिलाच विरघळवत होतं.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोणता रंग?’ हा नाही. रंग कशात विरघळलेला आहे, हा आहे. स्केचपेन किंवा पाण्याचे ब्रशपेन वापरणार असाल, तर रेघेची शाई पाण्याला दाद न देणारी हवी. अल्कोहोल मार्कर वापरणार असाल, तर ती अल्कोहोलला दाद न देणारी हवी. अशा मार्करसाठी खास डाय-शाया, म्हणजे पूर्ण विरघळलेल्या रंगाच्या शाया, मिळतात. डब्यावर काहीही लिहिलेलं असलं तरी एका कपट्यावर छाप घ्या, पूर्ण वाळू द्या आणि तिच्यावरून मार्कर तीन वेळा फिरवा. तिसऱ्यांदा सुद्धा टोक स्वच्छ राहिलं, तर ती जोडी जमली.

शायांचे स्वभावही ओळखून घ्या. डाय-शाई कागदात मुरते, पटकन वाळते, पण उजेडात हळूहळू फिकी पडते. पिगमेंट-शाईत रंगाचे कण असतात, ते कागदावर बसून राहतात. म्हणून ती गडद दिसते आणि सावकाश वाळते. तिचं ते सावकाशपण आपल्याला उपयोगी पडतं. ओल्या छापेवर एम्बॉसिंग पावडर, म्हणजे उष्णतेने वितळून रेघेला उठाव देणारी भुकटी, टाकायची, उरलेली झटकून घ्यायची आणि हीट गनची गरम हवा द्यायची. काही क्षण काहीच होत नाही, आणि मग रेघ एका कडेकडून वितळत, चमकत पुढे जाते. मी हे असंख्य वेळा केलंय, अजूनही त्या क्षणी बोलायचं थांबते. त्या उंच रेघेचा बांध होतो, पाण्याचा रंग त्याच्या आतच राहतो. लहान मुलांना रंगवायला द्यायचं असेल तर रेघ अशीच करून द्या. गरम हवेचं काम मात्र मोठ्यांनी करायचं.

रंग भरताना फिक्याकडून गडदाकडे जायचं. अल्कोहोल मार्करचे दोन थर एकमेकांत मिसळायचे असतील तर ते ओले असतानाच. वाळल्यावर कड उमटते. गुळगुळीत, रंग पसरू न देणारा कागद घ्या. हे मार्कर मागच्या बाजूला उतरतात, त्यामुळे मी थेट कार्डावर रंगवतच नाही. वेगळ्या कागदावर रंगवते, कापते आणि कार्डावर चिकटवते. रंगहीन ब्लेंडर, म्हणजे रंग नसलेला मार्कर, रंग पुसतो असा एक समज आहे. तो रंग पुसत नाही, ढकलतो. आणि सगळं भरू नका. प्रकाश जिथे पडतो तिथला कागद कोरा सोडा. त्याच्याइतका उजळ पांढरा तुमच्या कुठल्याच मार्करमध्ये नाही.

आता माझी सगळ्यात आवडती पद्धत. हिच्यात मार्कर कागदावर चालतच नाही, ठशावर चालतो. पाण्याचे मार्कर घ्या आणि ठशाचा उठावाचा भागच रंगवा: देठ हिरवा, पाकळी लाल, मधोमध पिवळा. तेवढ्यात आधीचा रंग सुकत आलेला असतो. मग ठसा तोंडाजवळ धरून, आरशावर वाफ धरतो तसा ‘हाऽऽ’ करून श्वास सोडायचा. त्या ओलाव्याने रंग पुन्हा जागा होतो. लगेच कागदावर दाबा. एका दाबात तीन रंगांची छाप येते, आणि जिथे दोन रंग भेटले तिथे जी मिसळ होते ती तुम्हाला ठरवून करता येणार नाही. रबरी ठशावर हे छान जमतं. नव्या पारदर्शक ठशावर रंगाचे थेंब होतात. त्यावर आधी खोडरबर हलकेच फिरवून घ्या. अल्कोहोल मार्करने हे होत नाही, तो ठशावरच वाळून जातो.

दोन फुलं एकामागे एक दाखवायची असतील तर पुढचं फूल आधी छापायचं. ऐकायला उलटं वाटतं. तेच फूल पातळ कागदावर छापून कापून घ्या, पहिल्या छापेवर बरोब्बर झाकण म्हणून ठेवा आणि मागचं फूल त्याच्यावरून बिनधास्त उमटवा. झाकण उचललं की मागचं फूल खरंच मागे गेलेलं असतं.

छाप घेताना ठसा डुलवू नका, कडांचे डाग पडतात. सरळ खाली, सगळीकडे सारखा दाब, सरळ वर. मोठ्या ठशाला शाई लावताना ठसा उलटा धरा आणि शाईची गादी त्याच्यावर टेकवत न्या. पारदर्शक ठसे उन्हात ठेवू नका, पिवळे पडतात आणि कडक होतात. रबर रंगून राहिलं तर त्याची काळजी करू नका, छापेत काही फरक पडत नाही.

आतला मजकूर तुमच्या अक्षरात लिहा, पण तो घडी घालण्याआधी, कागद सपाट असताना. लिहिताना मागच्या बाजूचं चित्र ओलं नाही ना, हे बोट न लावता पाहा: कागद उजेडात तिरका धरला की ओली शाई चमकते.

तुमच्यासमोर रद्दी कागदांचा एक गठ्ठा ठेवलाय. कोऱ्या कार्डाला अजून हात लावू नका. प्रत्येकाने एक ठसा आणि तीन मार्कर उचला, आणि पहिल्या पाच छापा या गठ्ठ्यावर घ्या. मी टेबलांमधून फिरते आहे.