उंची कोणाला लागते?

२९ मे १९५३. तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो, त्याचा तिथे जेमतेम एक तृतीयांश उरतो.

आठ वर्षांनी, मकालू या हिमालयातल्या शिखरावर, हेच हिलरी आजारी पडले आणि त्यांना खाली उतरावं लागलं. १९७७ मध्ये गंगेच्या मुखापासून उगमाकडे निघालेल्या मोहिमेत पुन्हा तेच घडलं, एव्हरेस्टपेक्षा कितीतरी कमी उंचीवर.

एखाद्याला गाडी लागते, तशी उंचीही लागते. साधारण २,५०० मीटरच्या वर डोकं ठणकतं, मळमळतं, अंगातलं त्राण जातं. बहुतेकांना तिथेच थांबून एक-दोन दिवसांत बरं वाटतं. मोजक्या काहींच्या मात्र फुप्फुसांत पाणी भरतं किंवा मेंदूला सूज येते, आणि मग हाती काही तासच असतात.

ते कोण, हे निघण्याआधी ओळखता येईल?

सगळे आधी धडधाकट माणसाकडे बोट दाखवतात, याला काही होणार नाही म्हणून. हा समज खोटा आहे आणि त्याने जीव गेले आहेत. विरळ हवेत शरीर आधी श्वास वाढवतं. त्यामुळे रक्तातलं आम्ल कमी होतं, ते मूत्रपिंडं हळूहळू सावरतात. याला दिवस लागतात. मैदानावर कितीही धावलात, तरी ते दिवस वाचत नाहीत. उलट दमदार माणूस भराभर वर जातो आणि शरीराला तेवढी उसंतच देत नाही.

मग चाचण्या? घरी बसून ऑक्सिमीटरवर दिसणारा आकडा याबाबत काही सांगत नाही. प्रयोगशाळेत कमी ऑक्सिजनची हवा देऊन पाहिलं, तर काहींचा श्वास फारसा वाढतच नाही, आणि त्यांना त्रासाची शक्यता थोडी जास्त दिसते. पण असे कितीतरी जण वर ठणठणीत राहतात. एकट्यादुकट्याचं भाकीत त्यावरून करता येत नाही.

खरा सुगावा साध्या विचारपुशीतून लागतो. पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी या डॉक्टरांनी एव्हरेस्टच्या वाटेवर, ४,२४३ मीटरवरच्या फेरिचे गावात, २७८ ट्रेकर्सची पाहणी केली. १९७६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. निम्म्याहून थोड्या अधिक जणांना त्रास झाला होता. त्याच वाटेवरच्या लुक्ला गावी थेट विमानाने उतरलेल्यांत तो जास्त होता, पायी आलेल्यांत कमी.

म्हणून पहिला प्रश्न: किती वेगाने चढणार? ३,००० मीटरच्या वर रोज झोपायची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असं डॉक्टर सांगतात.

दुसरा प्रश्न: मागच्या वेळी काय झालं होतं? काहींच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या विरळ हवेत गरजेपेक्षा फार आवळतात. फुप्फुसांत एकदा पाणी झालेला माणूस त्याच घाईने वर गेला, तर ते पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो. मात्र मागे हळू चढून काही झालं नाही, म्हणून यंदा घाईत चढूनही होणार नाही, असं समजू नका.

आणि वर पोहोचल्यावर संध्याकाळी प्रत्येकाला विचारायचं: डोकं दुखतंय का? दुखत असेल तर उद्याची चढाई थांबवायची. टाचेला चवडा जोडून सरळ रेषेत चालताना कोणी भेलकांडला, तर ती मेंदूला सूज आल्याची खूण समजून सकाळची वाट न बघता, रात्रीच, सोबत घेऊन खाली उतरवायचं.